जॉ-लाइन हवी, पण जबडा तिरका असेल तर?

आज एका श्रोत्याचा प्रश्न. तो ट्रान्स पुरुष आहे, चेहरा पुरुषी दिसावा म्हणून सर्जरीचा विचार करतोय. पण सेल्फीत जबड्याची डावी बाजू लहान दिसते. सर्जरीने ती सरळ होईल, की आणखी उठून दिसेल?

आधी हे ऐका: कुणाचाच चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, म्हणून फोटोतला तोच चेहरा वेगळा वाटतो. त्यात फोन जवळ आणि तिरका धरला, की जवळची बाजू मोठी दिसते. म्हणजे सेल्फी हा पुरावा नाही!

आता सर्जरी. हनुवटीवर आणि जबड्याच्या कोपऱ्यांवर इम्प्लांट बसवतात, किंवा हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवतात. मूळ हाडच तिरकं असेल आणि दोन्हीकडे सारखेच इम्प्लांट बसवले, तर तिरकेपणा तसाच राहतो. कधी जास्तच नजरेत भरतो. म्हणून आधी सीटी स्कॅनवर दोन्ही बाजू मोजून घ्यायच्या. गरज पडली तर दोन बाजूंना वेगवेगळ्या मापाचे इम्प्लांट बनवता येतात.

नंतरची सूजही दोन्हीकडे सारखी उतरत नाही, पूर्ण उतरायला काही महिने जातात. खालचा ओठ बधिर होऊ शकतो, क्वचित कायमचा.

तेव्हा मित्रा, सर्जनला थेट विचार: "आज फरक किती आहे, आणि नंतर किती उरेल?" उत्तर "शून्य" आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखव.