कापसाचा माग

गेल्या दिवाळीत सुनेने मला एक पांढरा सुती शर्ट भेट दिला. त्याच्या गुंडीला जाड कागदाची हिरवी चिठ्ठी बांधलेली होती. हा कापूस जमीन, पाणी आणि शेतकरी यांना जपून पिकवलेला आहे, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. ‘‘बाबा, यावर मोबाइल धरा, कापूस कुठून आला ते कळेल,’’ सून म्हणाली. धरला. पडद्यावर हिरवे शेत आणि फेटा बांधलेला हसरा शेतकरी उमटला. पत्ता एवढाच : भारत. गाव नाही, तालुका नाही, जिल्हाही नाही.

सुनेचे मन मोडू नये म्हणून मी काही बोललो नाही. पण उभा जन्म बँकेत कागद तपासण्यात गेलेल्या माणसाला अपुरा पत्ता टोचतोच. त्यात मी १९८९ ते १९९२ ही तीन वर्षे भिवंडीच्या शाखेत काढलेली. तिथे सूत आणि कापड यांच्यावरच आम्ही कर्जे देत होतो. दिवाळी उलटल्यावर एके दिवशी कल्याणहून बस धरली आणि भिवंडीला जाऊन पोहोचलो.

आता मानकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूला गोदामांची रांग लागली आहे. पण शांतीनगरच्या गल्लीत शिरलो आणि तो ओळखीचा खडखडाट पायांतून वर चढू लागला. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली यांनी हे गाव विणले. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईचे बरेचसे विणकाम इकडे वळले. आज इथल्या मागांवर पॉलिएस्टर आणि मिश्र सूत मोठ्या प्रमाणावर चढते. तरी निव्वळ सुती कापड विणणारे अजून आहेत. माझे एक जुने खातेदार त्यांपैकीच. वय पंचाहत्तरीचे, कारखाना आता मुलाकडे. मी खिशातली हिरवी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि एक सुताचा कोन माझ्या हातात दिला. ‘‘साहेब, यावर गिरणीचं नाव आहे, काउंट आहे, लॉट नंबर आहे. शेताचं नाव शोधून दाखवा.’’

ते कसे सापडणार? साधारण पाच क्विंटल कापूस जिनिंगला गेला, सरकी निघाली, की एकशे सत्तर किलो रुईची एक गाठ होते. एका गाठीतच अनेक शेतकऱ्यांचा कापूस असतो. गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक हवा, हे १९२५च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने ठरवून दिले. म्हणजे प्रेसपर्यंत मागे जाता येते. पण सूतगिरणी एका गाठीचे सूत काढत नाही. सूत एकसारखे यावे म्हणून ती वेगवेगळ्या ठिकाणच्या बऱ्याच गाठी एकत्र फोडून मिसळते. तिथे यवतमाळ, आदिलाबाद आणि राजकोट एक होतात. पुढे ते सूत दलालामार्फत भिवंडीत येते, सायझिंगमध्ये खळ लागून बीमवर चढते, मागावर कापड होते. बहुतेक ठिकाणी सूतही व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे. कारखानदाराची फक्त मजुरी. कोरे कापड धुलाई-रंगाईला जाते, तिथून शिवणाऱ्याकडे. इतक्या हातांतून गेलेल्या धाग्याला त्याचे गाव विचारायचे!

तरी हा प्रश्न विचारला जातो आहे आणि तो विचारलाच पाहिजे. त्याची उत्तरे दोन तऱ्हेची आहेत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एक बचत खात्याची आणि दुसरी लॉकरची. बचत खात्यात तुम्ही भरलेली नोट तुम्हाला परत मिळत नाही, तेवढी रक्कम मिळते. ‘बेटर कॉटन’ नावाची मोठी योजना अनेक वर्षे याच तत्त्वावर चालली. शेतात जितका कापूस त्या पद्धतीने पिकला तितक्याचे श्रेय साखळीतून पुढे सरकते. तुमच्या अंगावरच्या शर्टात तोच कापूस असेल असे नाही. प्रत्यक्ष माग काढण्याची सोय तिने नोव्हेंबर २०२३पासून सुरू केली. हा सेंद्रिय कापूस नव्हे, हेही गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावे. सेंद्रिय कापसाची रीत लॉकरची : माल शेवटपर्यंत वेगळा ठेवायचा आणि प्रत्येक विक्रीला व्यवहाराचे प्रमाणपत्र जोडायचे.

पण लॉकरच्याही बनावट चाव्या निघतात. सेंद्रिय कापडाचा जगभर मानला जाणारा ‘गॉट्स’ हा मानदंड चालवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२०मध्ये जाहीर केले की, भारतात बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. अकरा कंपन्यांवर तिने बंदी घातली. गाठींच्या हिशेबात मांडले तर हा आकडा एक लाख सतरा हजारांच्या वर जातो. एवढ्या गाठी कागदावर उभ्या राहिल्या!

ही बातमी वाचली तेव्हा मला धक्का बसला नाही, लाज वाटली. त्याचे कारण आजवर कुठे लिहिले नाही. भिवंडीतल्या दुसऱ्या पावसाळ्यात मी सुताच्या एका तारण गोदामाची तपासणी केली होती. पाऊस कोसळत होता, दिवे गेले होते. मी पुढची रांग मोजली, खोलीचा अंदाज घेतला, गुणाकार केला आणि पोती बरोबर असल्याची सही ठोकली. काही महिन्यांनी खाते बुडाले. पोती काढली तेव्हा मागच्या रांगांत सुताऐवजी गिरणीचा कचरा भरलेला निघाला. चौकशीत मला समज मिळाली आणि किल्ली सांभाळणाऱ्या गोदामपालाची नोकरी गेली. तो मोजणीच्या वेळी म्हणाला होता, ‘‘साहेब, दोन पोती मागची काढून बघू का?’’ मला घाई होती. पुढे मला बढतीही मिळाली. त्याचे काय झाले, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

म्हणून प्रमाणपत्र म्हटले की मला ती पुढची रांग दिसते. कापसातली लबाडी काही आजची नाही. रुईत पाणी, माती, सरकी मिसळणाऱ्यांविरुद्ध मुंबई इलाख्यात १८२९मध्ये कायदा झाला, १८६३मध्ये दुसरा, निरीक्षकांसह. पुढे तेही गेले. आता युरोपात कपड्यांसाठी डिजिटल पासपोर्ट येऊ घातला आहे. २०२१पासून अमेरिका शिनजियांगचा कापूस असलेला माल अडवते आहे. धाग्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून त्याचा प्रदेश ओळखणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आपणही २०२०मध्ये ‘कस्तुरी’ हे नाव घेऊन माग काढता येईल असा कापूस विकायला निघालो. हे सारे चांगलेच आहे. फक्त मागचे पोते कोणी काढायचे, एवढेच ठरवले पाहिजे.

कारण खोट्या कागदाने फसतो तो केवळ गिऱ्हाईक नव्हे. देशात बीटी वाणाने जवळजवळ सगळी कापसाची जमीन व्यापलेली असताना साधे बी शोधायचे, सुरुवातीची वर्षे उत्पन्न घटलेले सोसायचे, शेजारच्या शेतातून परागकण येतील म्हणून धास्तावायचे, असे करून जो विदर्भातला शेतकरी खरा सेंद्रिय कापूस पिकवतो, त्याच्याच मालाचा भाव ही बनावट गाठ पाडते.

परतीच्या बसमध्ये मी चिठ्ठीमागे हिशेब केला. एका गाठीत ढोबळमानाने पाचशे शर्ट होतात. म्हणजे एका शर्टाला एक किलो कापूस. २०२५-२६चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो मिळालाच तर शर्टामागे शेतकऱ्याच्या हाती ८१ रुपये. दहा टक्के जादा दर दिला तरी आठ रुपये वाढतात. आणि माझा शर्ट शेजारच्या तशाच शर्टापेक्षा चारशे रुपयांनी महाग होता, हे सुनेने सहज सांगितले होते. त्या चौकोनाने गावाबरोबर हा हिशेबही दाखवावा. शेतकऱ्याला किती, मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला किती.

निघताना कारखान्यात एक बीम संपला होता. त्याच्या तबकडीवर सायझिंगवाल्याने खडूने लिहिलेला आकडा होता. मागावरच्या पोराने नवा बीम चढवण्याआधी जुना गडगडत बाजूला नेला आणि ओल्या फडक्याने तो आकडा पुसला. मी त्याला नाव विचारले. माग चालू होते. त्याला ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले.