जुनं दार मॉडेलमधून पुसू नका

परळी वैजनाथच्या एखाद्या जुन्या माळवदी घरात सागवानी दार काढून फ्लश डोअर बसवायचं असेल, तर रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकजण फक्त दाराचा टाइप बदलतात. मग काय काढायचं हे नकाशात उरतच नाही आणि चौकट तोडण्याचा खर्च अंदाजपत्रकातून निसटतो. त्यापेक्षा जुन्या दाराला ‘एक्झिस्टिंग’ फेज (कामाचा टप्पा) द्या, नव्या फेजमध्ये ते डिमॉलिश करा आणि तिथे नवं ठेवा. फेज फिल्टर बदलला की पाडकामाचा आणि नव्या कामाचा, दोन्ही नकाशे एकाच मॉडेलमधून निघतात. एका दारासाठी एवढा खटाटोप? चौकट तीच ठेवून नुसती फळी बदलायची असेल, तर खरंच नको, टीप पुरते. पण दाराचं किंवा खिडकीचं माप बदलणार असेल तर टाळू नका: डिमॉलिश करताच रेव्हिट ती जागा भिंतीने भरतं, आणि त्या भरावाचा प्रकार वेगळा निवडता येत असल्याने मातीच्या भिंतीतलं विटकामही दाखवता येतं.