परीक्षेत सवलत, प्रयोगशाळेत काय?

२०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळालेले स्विस शास्त्रज्ञ झाक दुबोशे यांनी आपल्या परिचयपत्रात स्वतःच्या डिस्लेक्सियाची नोंद आवर्जून केली आहे. स्फटिक न होता पाणी गोठवण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे जैविक रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जसेच्या तसे पाहता येऊ लागले.

डिस्लेक्सिया, स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम, एडीएचडी अशा अवस्था असलेल्यांना 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हटले जाते. त्यांच्या मेंदूची माहिती हाताळण्याची रीत वेगळी असते. या अवस्थेवरून कुणाची बुद्धिमत्ता ठरत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीची मात्र स्वतंत्र नोंद नाही. प्रमाणपत्र दाखवले, की परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. पण बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने संशोधन प्रकल्प हाती घेतला, की खरी अडचण सुरू होते. तिथे तीन तासांचा पेपर नसतो. मुदत काही महिन्यांची, सूचना तोंडी आणि कामाचे टप्पे ज्याने-त्याने ठरवायचे! एडीएचडी असलेल्याला कामाची सुरुवात आणि वेळेचा अंदाज जड जातो. स्वमग्न विद्यार्थ्याला यंत्रांची घरघर असह्य होऊ शकते आणि गटातले न बोललेले संकेत उमगत नाहीत. डिस्लेक्सिया असलेला शोधनिबंध वाचताना थकतो. मार्गदर्शकाला यात आळस किंवा उद्धटपणा दिसतो. त्यात 'सांगितले तर प्रकल्पातून वगळतील' या भीतीने अनेकजण गप्प राहतात.

अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या स्थापत्य अभियांत्रिकी विभागाने नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मदतीने यावर काम केले आहे. विद्यार्थ्याला साच्यात बसवण्याऐवजी शिकवण्याचा साचाच बदलावा, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडेही त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मार्गदर्शकाने सूचना लेखी द्याव्यात, प्रकल्पाचे आठवड्यागणिक टप्पे पाडावेत, भेटीचा वार ठरवावा. आवाज कमी करणारे हेडफोन सुरक्षिततेला बाधा येत नसेल तिथे वापरू द्यावेत. लेख संगणकाकडून वाचून घेण्याची आणि निष्कर्ष आधी तोंडी मांडण्याची मुभा असावी. या सोयी सर्वांनाच दिल्या, तर कुणाला आपले निदान जाहीर करावे लागणार नाही.

प्रत्येक न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थी दुबोशे होईल, असे नाही; तशी अपेक्षा हेही एक ओझेच. संशोधन जमते की नाही, हे आजमावण्याची संधी मात्र त्याला इतरांइतकीच मिळायला हवी.