जुन्या गाडीचा करंट

आषाढात रत्नागिरीतल्या गॅरेजात एखादी जुनी पेट्रोल गाडी ओढून आणली, की मेस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘करंट येतो का?’ पेट्रोल इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. कोकणात पहिल्या दोहोंपाशी सहसा अडत नाही, अडतं ते ठिणगीपाशी. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बारा महिने समुद्राकडून येणारा खारा दमटपणा यांत ही ठिणगी सांभाळायचं काम इंजिनाला खेटून बसलेला, काळ्या टोपणाचा डिस्ट्रीब्यूटर करतो. आजच्या गाड्यांमधून तो गेला आहे. जुन्या गाड्यांत तो अजून फिरतो, आणि त्याला नवं बळ कसं द्यायचं हा जुनी गाडी जपणाऱ्या प्रत्येकापुढचा प्रश्न आहे.

या गाड्या मोजक्याच जातींच्या. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या पेट्रोल जीप घाटांत आणि सरकारी दौऱ्यांत राबल्या. त्यांतल्या कित्येकींना नंतर डिझेल इंजिनं बसली आणि त्यांच्यापुरता डिस्ट्रीब्यूटरचा विषयच संपला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १०८९ सीसीची पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून गाजली, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. चाकरमान्यांच्या घरांतून अशी एखादी ‘फियाट’ गावीही आली आणि खळ्याच्या कडेला शेडखाली राहिली. शिवाय अ‍ॅम्बॅसॅडर, कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००, ओम्नी आणि जिप्सी. १९६१ मध्ये चेन्नईजवळ पाडी इथं सुरू झालेल्या लुकास-टीव्हीएस कंपनीचं नाव आपल्याकडच्या अनेक डिस्ट्रीब्यूटरांवर दिसतं.

ही रचना शंभर वर्षांहून जुनी. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्यानं बॅटरी, कॉइल आणि संपर्क तोडणारी कळ यांची जी जुळणी केली, ती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. तत्त्व सोपं आहे. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड वेढ्यांतून जातो आणि तिथं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. डिस्ट्रीब्यूटरच्या दांड्यावरचा कॅम फिरता फिरता ती कळ, म्हणजे पॉइंट, उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या बारीक वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. तो टोपणाच्या मधल्या तारेनं रोटरवर उतरतो आणि रोटर तो ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरच्या प्लगकडे पाठवतो. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर आणि जीप, तिघींची पाळी १-३-४-२ अशी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात.

ठिणगी पडली एवढ्यानं भागत नाही, ती वेळेवर पडावी लागते. पेट्रोलची वाफ जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी हवी. वेग वाढला की आणखी आधी. हे गणित डिस्ट्रीब्यूटर विजेविना करतो. पॉइंटच्या पाटाखाली स्प्रिंगांनी धरलेली दोन वजनं असतात. फुगडीचा वेग वाढला की पोरी जशा बाहेरच्या बाजूला झुकतात, तशी ती दांड्याच्या वेगाबरोबर बाहेर पडतात आणि कॅमला थोडं पुढं ढकलतात. बाजूला एक व्हॅक्यूमची डबी असते. गाडीवर भार कमी असेल तेव्हा ती पॉइंटचा पाट ओढून ठिणगी आणखी लवकर पाडते आणि पेट्रोल वाचवते. डबीची नळी तोंडानं ओढली की पाट हलला पाहिजे. हलला नाही तर आतला पडदा फाटला आहे. या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही.

या रचनेचा कमकुवत भाग म्हणजे पॉइंट. तीन-चार अँपिअरचा प्रवाह सतत तोडून त्यांच्या तोंडावर खड्डे पडतात. ती जळजळ आवरायला कंडेन्सर असतो, तो बिघडला तर नवे पॉइंटही लवकर संपतात. कॅमवर घासणारी टाच झिजत जाते आणि फट कमी होते. लुकासच्या जुन्या डिस्ट्रीब्यूटरला १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फट लागते, पेट्रोल जीपला २० थाऊ. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागं जातं, गाडी चढाला मरते आणि तापते. कोकणात आणखी एक गोष्ट घडते. गणपतीला चालवलेली गाडी थेट शिमग्याला सुरू करायची, तर मधल्या महिन्यांत दमट हवेनं पॉइंटवर ऑक्साइडचा पातळ थर धरलेला असतो. बॅटरी भरलेली, पेट्रोल ताजं, आणि ठिणगी मात्र नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवला की गाडी सुरू होते. पण हे दर सणाला करायला सगळीकडे मेस्त्री हाताशी नसतो.

म्हणून अपग्रेड. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याच पाटावर छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणं. कॅमवर चुंबकांची कडी बसते, ती मॉड्यूलसमोरून फिरते आणि मॉड्यूल कॉइलचा प्रवाह तोडतं. कुठं काही घासत नाही, म्हणून झीज नाही आणि टोकं जळणंही नाही. यामागचा हॉल परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुजलं ते १९७० च्या दशकात. क्रायस्लरनं १९७३ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना ते दिलं. आपल्याकडेही पुढच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुतींमध्ये पॉइंट नसलेले डिस्ट्रीब्यूटर कारखान्यातूनच येऊ लागले. बाहेरून टोपण तेच राहतं, त्यामुळे गाडीचं मूळ रूप बिघडत नाही.

मात्र रत्नागिरीत मॉड्यूल विकत घेण्यापासून सुरुवात करणं चूक आहे. पावसात गाडी बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा दोष टोपणाचा आणि त्यातून प्लगकडे जाणाऱ्या हाय टेन्शन वायरींचा असतो. टोपणाच्या आत बारीक तडा गेला, त्यात काजळी आणि ओलावा बसला, की ठिणगी प्लगऐवजी त्या वाटेनं इंजिनाच्या अंगाला जाते. मॉड्यूल याला काहीच करू शकत नाही, उलट ठिणगी जोरदार झाली तर गळतीही जोरात होते. रात्री अंधारात बोनेट उघडून चालत्या इंजिनाकडे पाहिलं, तर वायरींवर निळ्या रेषा दिसतात. तेवढं निदान पुरे. आणखी एक सवय सोडायला हवी. पाणी शिरू नये म्हणून टोपणाच्या कडा ग्रीस आणि चिकटपट्टीनं बंद केल्या जातात. आत सतत ठिणगी उडत असल्यामुळे ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते बाहेर पडले नाहीत तर ओलाव्याशी मिळून धातू खातात. हवेची भोकं मोकळीच राहिली पाहिजेत. पाणी अडवायचं ते वायरींच्या टोकांवरच्या चांगल्या रबरी टोप्यांनी.

त्याआधी दांडा. टोपण काढून रोटर धरावा आणि आडवा हलवून पाहावा. बुश झिजला असेल तर दांडा डुलतो, प्रत्येक सिलिंडरला पॉइंटची फट वेगळी मिळते आणि गाडी मिसिंग मारते. झिजलेल्या दांड्यावर महागडं मॉड्यूल बसवलं तर आजार थोडा झाकला जातो, बरा होत नाही. आधी बुश बदलावा, वजनांना आणि स्प्रिंगांना तेलाचा थेंब द्यावा, मग टोपण, रोटर आणि वायरी नव्या घ्याव्यात. पॉइंटची पाळी त्यानंतर.

बसवताना तीन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कॉइलच्या वाटेवर रेझिस्टर असेल तर मॉड्यूलची तार त्याच्या अलीकडून, चावीच्या बाजूनं घ्यावी. दुसरी, कॉइलचा रोध मॉड्यूल बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मर्यादेत हवा. तिसरी, जुन्या तांब्याच्या गाभ्याच्या हाय टेन्शन वायरी काढून रोध असलेल्या वायरी घ्याव्यात, कारण विजेचा गोंगाट मॉड्यूलला गोंधळात टाकतो. शिवाय दोन सवयी बदलाव्या लागतात. बॅटरीची टोकं उलटी लावली की मॉड्यूल क्षणात जळतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसलं, तरी ते तापून जातं.

मॉड्यूल बसवलं की टायमिंग पुन्हा लावावंच लागतं, कारण नव्या खुणेवर ठिणगीचा क्षण हललेला असतो. पहिला सिलिंडर दाबावर आणायचा, खूण जुळवायची, टायमिंग लाइटनं तपासायचं. शेवटची परीक्षा रस्त्यावर होते. हातखंब्याकडे किंवा आंबा घाटात वरच्या गिअरमध्ये भार द्यायचा. खडखड नॉकिंग आलं तर ठिणगी फार लवकर पडते आहे. गाडी ओढायला आळसते तर उशिरा. तिथं मेस्त्रीचा कान लागतो आणि त्या कानाचं मोल मॉड्यूलमुळे कमी होत नाही.

आज या कामाला आणखी एक कारण आहे. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. जुन्या कार्ब्युरेटरला त्यामुळे मिश्रण पातळ मिळतं, आणि पातळ मिश्रण पेटवायला ठिणगी दमदार लागते. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर पडतं आणि पीयूसीच्या तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. पंधरा वर्षांपुढची गाडी आरटीओकडे पुन्हा नोंदवायची असेल तर ही तपासणी टाळता येत नाही. २०२१ च्या नियमांनी मूळ रूपात राखलेल्या ५० वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. अशा गाडीलाही टोपणाखाली लपणारा आणि हवा तेव्हा परत काढता येणारा बदल शोभतो.

जुन्या गाडीवरच्या कुठल्याही सुधारणेला माझी हीच कसोटी आहे: ती उलटवता आली पाहिजे. मॉड्यूल बिघडतं तेव्हा पूर्वसूचना देत नाही आणि साखरप्याच्या गॅरेजात त्याची दुरुस्ती होत नाही. जुन्या पॉइंटचा पाट कंडेन्सरसकट कापडात गुंडाळून, फट मोजायच्या फिलर गेजबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. हाती स्क्रू ड्रायव्हर असला तर अर्ध्या तासात गाडी पुन्हा जुन्या करंटवर येते. पण तो पाट लावता येणारे हातही टिकले पाहिजेत. गॅरेजात नवी पोरं येतात, ती स्कॅनर लावून कोड वाचायला पटकन शिकतात. त्यांना एकदा तरी फिलर गेज हातात देऊन पॉइंट लावायला शिकवावं. वेळेवर पडणारी ठिणगी म्हणजे काय, हे ज्यानं स्वतःच्या हातांनी जुळवलं आहे, त्याला नव्या गाडीचा कोडही अधिक नीट कळतो.