मामांची हद्द

मुंबईत काळाचौकीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर जत तालुक्याकडच्या गावकऱ्यांची एक खोली होती. एका वळकटीच्या जागेवर तिघं झोपायचे, ज्याची जशी पाळी असेल तसा. माझे मामा त्याच खोलीत राहून गिरणीच्या रिंग खात्यात काम करत. चात्यांवर सूत भराभर गुंडाळलं जात असताना तुटलेला धागा बोटांनी जोडायचा, हे त्यांचं आठ तासांचं काम. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांसोबत मामाही बाहेर पडले. वर्षभर वाट पाहून त्यांनी गावची गाडी धरली आणि पुढं सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागले.

रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या हवाली केलेला असतो तो मैलकुली. खड्डे भरायचे, साइडपट्टीला मुरूम टाकून दाबायचा, पावसाआधी मोऱ्या मोकळ्या करायच्या, बाभळीच्या रस्त्यावर आलेल्या फांद्या तोडायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे द्यायचे. आता ही कामं बहुतेक ठेकेदारामार्फत होतात. त्यामुळं मामांच्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा आला तेव्हा मी रजा टाकून आठ दिवस त्यांच्या टोळीबरोबर राहिलो.

साल होतं २०१९. आधीच्या ऑक्टोबरात राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते आणि जत त्यात होता. मामांचा तुकडा तालुक्याच्या पूर्वेला, माडग्याळहून उमदीकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढं चडचण, म्हणजे विजापूर जिल्हा, कर्नाटक. दोन्ही अंगांना उघडा माळ. मधूनच एखादा बांध, तळाशी कोरडा ओढा, पुन्हा माळ. बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेली माडग्याळी मेंढरं तेवढी हलताना दिसायची. त्यांच्यामागचा माणूस मेंढरांशी कन्नडात बोलायचा आणि आम्हाला मराठीत रामराम घालायचा.

टोळीत सहाजण. उन्हाआधी जेवढं उरकेल तेवढं उरकायचं म्हणून पहाटे पाचला भट्टी पेटायची. डांबराचं पिंप तापत ठेवलं की मामा त्याच्या धुराकडं बघत उभे राहत. निळसर धूर दिसू लागला की लगेच खालची लाकडं ओढायला सांगत. जास्त तापलेल्या डांबराचा चिकटपणा मरतो, खडी महिनाभरात सुटते.

मला वाटलं होतं, खड्डा असतो तसा भरायचा. मामांनी आधी तो मोठा केला. खडूनं भोवती चौकोन आखला आणि टिकावानं कडा उभ्या कापल्या.

“आरं भाच्या, कड सरळ पायजे. उतरती ठिवली की चाक तिथनंच उचकटतंय.”

मग सैल खडी काढली, खराट्यानं झाडलं, गोणपाटानं धूळ पुसली. धुळीवर डांबर बसत नाही. तळाला आणि चारी कडांना डांबराचा पातळ हात दिला. त्यावर डांबरात घोळलेली खडी, रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडी वर येईल इतकी, कारण दाबल्यावर ती खाली बसते. मोठ्या खड्ड्यावर रोलर, लहानावर धुम्मस. दाबायचं ते कडेकडून मध्याकडं, म्हणजे माल बाहेर पसरत नाही. हे सगळं खडी गरम आहे तोवर. एका खड्ड्याला पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात कुणी पाणी प्यायलाही थांबायचं नाही.

पाण्याचं तर मोजमापच होतं. रोलरच्या चाकाला डांबर चिकटू नये म्हणून ते ओलं ठेवावं लागतं. एरवी त्यावर पाणी सोडतात. इथं एक कळशी दिवसभर पुरवायची होती. एक पोरगा ओल्या गोणपाटाचा तुकडा चाकाला लावून रोलरबरोबर मागं-पुढं चालत राहायचा. गोणपाट पिळून निघालेलं काळं पाणी पुन्हा कळशीत.

अकराच्या सुमारास टँकर सुरू व्हायचे. विहिरीवर भरून वाड्यावस्त्यांकडं, रिकामे होऊन परत. टंचाईत माणशी दिवसाला २० लिटरचा हिशेब धरतात. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे ५०० माणसांचा एक दिवस. आणि तोच टँकर म्हणजे रस्त्यावर १० टन पाणी, वर गाडीचं वजन वेगळं. समोरून गाडी आली की टँकर साइडपट्टीवर उतरायचा आणि पुन्हा वर चढताना डांबराची कड मोडायचा. एका टँकरची तोटी गळत होती. रस्त्यावर ओली रेघ उमटत गेली. मामा तिच्याकडं बघत राहिले.

“डांबराचा वैरी पानी. भेगंत शिरलं की खडी सोडवतंय. हितं पाऊस न्हाई, तरी पान्यानंच रस्ता फुटतोय.”

मग टँकर पुढं गेला त्या दिशेला बोट केलं. “पर रस्ता फुटला की खेप चुकती. खेप चुकली की वस्तीवरच्या बाया रातभर जागत्यात.”

मी मुंबईत रोज रस्त्यांना नावं ठेवतो. पाणी पायांनी नव्हे, रस्त्यानं चालत येतं, हे त्या माळावर पहिल्यांदा कळलं.

शेवटच्या दिवशी मामा मला हद्दीपर्यंत घेऊन गेले. पाटीवरची अक्षरं कन्नड झाली होती. त्याहून ठळक खूण पायाखाली होती: दोन डांबरांचा सांधा. इकडची खडी काळी, तिकडची करडी. मामांची हद्द इथं संपत होती. सांध्यावरच एक जुनं ठिगळ होतं. चौकोनी, सरळ कडांचं, निम्मं अलीकडं, निम्मं पलीकडं. काम कुणाचं हे विचारावं लागलं नाही.

“पलीकडचं तुमच्याकडं नव्हतं ना?”

“नव्हतं. पर अर्धा खड्डा भरता येत न्हाई.”

पुढं २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या चाळीस गावांच्या जुन्या ठरावाचा विषय काढला. पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो, असं गावांनी म्हटलं होतं. काळाचौकीच्या नाक्यावरही त्यावर जोरात चर्चा चालली. मला ते ठिगळ आठवत होतं. त्या ठिगळावरून जाणाऱ्या पाण्याला दोन्हीकडची तहान सारखीच.

मामा निवृत्त झाले. मागच्या गणपतीत आमच्याकडं आले होते. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरकडं त्यांनी एकदाच मान वर करून पाहिलं. मग खाली पाहत, चाळीसमोरच्या रस्त्यावर नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्याशी थांबले, वाकले आणि अंगठा व तर्जनी त्याच्या कडेवरून फिरवली. धागा जोडताना फिरवत, तशी.

“कड वाकडी हाय,” म्हणाले. “पावसात सुटंल.”