खंभातच्या खाजणातली आपली सोयरी

नंदुरबारला समुद्र नाही. पण महाराष्ट्रात नर्मदा फक्त याच जिल्ह्याला शिवून जाते, आणि प्रकाशा ओलांडून तापीही इथूनच गुजरातेत उतरते. दोघी पुढे खंभातच्या आखाताला मिळतात. तापी सुरतेच्या डुमसजवळ, नर्मदा भरूचच्या पुढे. तिथल्या खाजणात सातपुड्याची आणि खानदेशची माती गाळ होऊन बसली आहे. म्हणजे त्या चिखलातली सगळी मंडळी आपली सोयरीच!

मान पहिला उंटांचा, कारण हे उंट चक्क पोहतात. नर्मदेच्या मुखाशी आलिया बेट आहे. तिथले फकिराणी जत पशुपालक खाराई उंट पाळतात. भरती असो, खाडी असो, कळप पाण्यात उतरतो आणि तिवराचा पाला गाठतो. २०१५ मध्ये या उंटांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. सारंगखेड्याला घोडे पारखणाऱ्यांनी एकदा तिकडेही जाऊन यावं.

आता तिवराकडे बघा. मुळांतून जमेल तेवढं मीठ तो बाहेरच रोखतो, उरलेलं पानांतून घामासारखं टाकतो. पान चाटलं तर खारट लागतं! चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळं जमिनीतून वर डोकावून श्वास घेतात.

माझी सर्वांत लाडकी मात्र निवटी. मासा असून ओहोटीला चिखलावर परांनी सरकते, उड्या मारते, ओल्या त्वचेतून हवा घेते. डोळे थेट डोक्यावर! शेजारी नर खेकडा एक अवाढव्य नांगी हलवून मादीला बोलावतो. त्या नांगीनं खाता येत नाही. पोट भरतं ते दुसऱ्या, चिमुकल्या नांगीवर.

खाजणातल्या सॅलिकॉर्निया नावाच्या मांसल झुडपापासून भावनगरच्या शास्त्रज्ञांनी वनस्पतीजन्य मीठही बनवलं आहे.

आणि पाला मासा? राहतो समुद्रात, अंडी घालायला पावसाळ्यात नर्मदेत उलटा चढतो. त्याला गोड्या पाण्याची ओढ लागते, आणि नेमकं तेच आता वर धरणांत अडतं. भरूचच्या जाळ्यांत पाला कमी झाला. नदीत पुरेसं पाणी सोडा, ही तिथल्या मच्छीमारांची मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते.