महिन्याचा वाचनकट्टा
वाचनकट्टा म्हणजे एकच पुस्तक वाचून महिन्यातून एकदा त्यावर बोलायला जमणारा गट. त्याला नोंदणी लागत नाही की पदाधिकारी. आठ-दहा माणसे पुरतात. पंधराच्या वर गेली की दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. वार आणि वेळ ठरलेली असावी, उदाहरणार्थ दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. दर वेळी सगळ्यांना विचारून तारीख काढणारे गट फार टिकत नाहीत.

खरी कसोटी पुस्तक निवडण्यात असते. सुरुवातीला छोटे, सहज मिळणारे पुस्तक घ्यावे. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ त्यासाठी उत्तम. धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर, लोकांनी राबून उभारलेली तालीम आणि शेवटी वाडी रिकामी करणारा दुष्काळ, एवढ्यावर दोन तास सहज रंगतात. ‘कादंबरी आवडली का?’ या प्रश्नावर चर्चा एका वाक्यात आटोपते. ‘वाडीने मास्तरला आपला केव्हा मानला?’ असे विचारले की माणसे पाने उलटू लागतात, एकमेकांना खोडून काढतात. सूत्रधार दर महिन्याला बदलावा. त्याने असे तीन-चार प्रश्न आणावेत आणि गप्प बसलेल्याला आधी बोलू द्यावे. पुस्तक पुरे न झालेल्यालाही यायला सांगावे. संकोचाने एकदा चुकलेला माणूस पुढेही येईनासा होतो.

प्रती सार्वजनिक वाचनालयातून आणाव्यात किंवा आळीपाळीने वाचाव्यात. चहा साधाच ठेवावा, नाहीतर यजमानावर फराळाचा भार पडतो. उठण्यापूर्वी पुढचे पुस्तक ठरवावे.